ही मेन स्ट्रीट कुठली? जुन्या अमेरिकन गावांचे फोटो ओळखायचे कसे

आबाकाका १९५९ च्या ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंग शिकायला इलिनॉयला गेले आणि १९६२ साली परत आले. येताना त्यांनी पिवळ्या डब्यांमधून २१४ स्लाइड आणल्या. आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत भिंतीला पांढरी चादर लावून ते त्या दाखवायचे. विटांची दुकानं, लांबलचक गाड्या, रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी. काका गेल्यावर काकूनं डबे माझ्या हातात दिले. म्हणाली, "तुला आवड आहे, तू घेऊन जा. पण कुठला फोटो कुठल्या गावचा ते मला विचारू नकोस गं."

त्या २१४ पैकी १६० स्लाइडचं गाव आणि साल मला शोधता आलं. दोन वर्षं लागली, आणि त्यातले कितीतरी महिने चुका निस्तरण्यात गेले. असे डबे अनेक मराठी घरांत आहेत. कोणाचे वडील फेलोशिपवर गेले होते, कोणाची आत्या १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यानंतर तिकडे स्थायिक झाली. शिवाय घरात एकही स्लाइड नसताना १९३५ ते १९६५ मधल्या अमेरिकन गावांचे फोटो आवडीनं पाहणारे, जमवणारेही बरेच आहेत. दोघांनाही पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

आधी हे जवळ ठेवा

- दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजीकडे असतं तसं)
- लाइट पॅड; नसेल तर पांढरा स्क्रीन लावलेला टॅब्लेट
- हवा मारायचा रबरी ब्लोअर आणि सुती हातमोजे
- मऊ शिसाची पेन्सिल (स्लाइडवर किंवा फोटोमागे पेन कधीच नको)
- फिल्म स्कॅन करता येईल असा स्कॅनर, स्वतःचा किंवा ओळखीतला
- एक वही किंवा एक्सेल शीट
- त्या माणसाची जी मिळतील ती कागदपत्रं: पासपोर्टवरचे शिक्के, पत्रं, बसची तिकिटं, डायरी, विद्यापीठाचं ओळखपत्र

शेवटची ओळ हलक्यात घेऊ नका. काकांच्या खिशातल्या डायरीत "ग्रेहाउंड, १४ डॉलर" (ग्रेहाउंड ही तिकडची लांब पल्ल्याची बस कंपनी) एवढंच लिहिलेलं एक पान होतं, आणि त्या एका पानावरून मला सात स्लाइडचा क्रम लागला.

१. डबा उघडला की क्रम मोडू नका

पहिल्याच दिवशी हात शिवशिवतात. सगळ्या स्लाइड टेबलावर पसराव्यात, छान छान वेगळ्या काढाव्यात असं वाटतं. तसं करू नका. डबा आहे तसा मोबाइलवर टिपा. मग एकेक स्लाइड काढून पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजूंचा फोटो घ्या आणि पेन्सिलीनं माउंटच्या (फिल्मभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कोपऱ्यात क्रमांक टाका. डबा १, स्लाइड १७ असेल तर १-१७. आधीचे आकडे असतील तर ते खोडू नका, तेही वहीत उतरवून घ्या.

मी काय केलं ते सांगते. घाई होती म्हणून साठ-एक स्लाइड एका दुकानात स्कॅन करायला दिल्या. स्कॅन चांगले आले, पण स्कॅनरमध्ये नीट बसाव्यात म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचे माउंट कापून फेकून दिले होते आणि फिल्मचे तुकडे एका पाकिटात भरून परत दिले. माउंटवर काकांच्या अक्षरातले आकडे होते, कोडॅकचे छापील शिक्के होते. ते सगळं गेलं. ज्या ५४ स्लाइड आजही अनोळखी आहेत, त्यातल्या बहुतेक त्याच गठ्ठ्यातल्या. दुकानात द्यायच्याच असतील तर "माउंट काढायचे नाहीत" असं पावतीवर लिहून घ्या.

२. स्लाइड सुलटी आहे का, ते बघा

स्लाइडची एक बाजू चकचकीत असते, दुसरी थोडी निस्तेज. कोडाक्रोमच्या (ही कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म) निस्तेज बाजूला तिरपं धरून पाहिलं तर चित्र किंचित उठावदार दिसतं. चकचकीत बाजू तुमच्याकडे असली की चित्र बरोबर दिसतं. कोडॅकच्या माउंटवर एका बाजूला "ही बाजू पडद्याकडे" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापलेलं असतं. पाहताना ती बाजू आपल्या विरुद्ध दिशेला हवी.

इथे आपली फसगत हमखास होते. उलटी स्कॅन झालेली अमेरिकन रस्त्याची स्लाइड भारतीय डोळ्याला अगदी सरळ वाटते! गाड्या डाव्या बाजूनं चाललेल्या, स्टिअरिंग उजवीकडे. आपल्याला खटकावं असं त्यात काहीच नाही. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात आणि चालक डावीकडे बसतो, हे मनाशी घोकूनच पाहायला बसा. पाट्यांवरची अक्षरं वाचता येत असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर स्टिअरिंग शोधा.

३. चित्राआधी वस्तू वाचा

चित्रात काय आहे हे पाहण्याआधी ते कशावर आहे ते पाहा.

*स्लाइड.* ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी कोडाक्रोम १९३६ मध्ये बाजारात आली. अंधारात, कोरड्या जागी ठेवली तर तिचे रंग फारच छान टिकतात. त्या काळातल्या एक्टाक्रोम आणि इतर फिल्मचे रंग उडून चित्र लालसर-गुलाबी पडतं. एकाच डब्यात काही चित्रं ताजी आणि काही गुलाबी दिसत असतील, तर दोन वेगळ्या फिल्म आहेत असं समजा.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून कोडॅकच्या बऱ्याच माउंटवर महिना आणि वर्ष छापलेलं सापडतं. ते फोटो काढल्याचं समजू नका. तो रोल धुतल्याचा महिना असतो. काकांच्या १-१७ वर नोव्हेंबर १९६० आहे, पण चित्रात झाडं हिरवीगार आणि माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. काकूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, छत्तीस फोटोंचा रोल ते तीन-तीन महिने पुरवायचे. धुवायला पैसे लागायचे ना." शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्लाइडवरचा महिना कधीही जसाच्या तसा धरू नका.

*काळे-पांढरे प्रिंट.* पांढऱ्या कडेवर महिना-वर्ष छापलेलं असेल तर तेही प्रिंट काढल्याचं असतं. खरा जुना प्रिंट आणि नंतर काढलेली प्रत यांत फरक करायचा असेल तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, नोटा तपासायला वापरतात तसला. पन्नाशीच्या दशकापासून फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं येऊ लागली, तो कागद निळसर चमकतो. "१९४० चा मूळ प्रिंट" म्हणून कोणी विकत असेल आणि तो लख्ख चमकला, तर चित्र १९४० चं असेलही, कागद नक्कीच नंतरचा आहे. हाताला प्लॅस्टिकसारखा लागणारा कागद साठीच्या दशकाच्या अखेरीनंतरचा.

*पोस्टकार्ड.* शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीनं अमेरिकेतल्या हजारो गावांची कार्डं छापली. कापडासारखा पोत असलेल्या त्यांच्या "लिनन" कार्डांवर बारीक क्रमांक असतो. त्यात पहिला आकडा वर्षाचा आणि पुढचं अक्षर दशकाचं: ए म्हणजे तिशी, बी म्हणजे चाळिशी, सी म्हणजे पन्नाशी. "२बी" म्हणजे १९४२. तारीख काढायला इतकं सोपं साधन दुसरं नाही. पण चित्रावर विश्वास ठेवताना जपून. ही कार्डं रंगवताना विजेचे खांब, तारा, नको असलेल्या गाड्या, कधी माणसंसुद्धा पुसून टाकलेली असत आणि आकाश हवं तसं निळं केलेलं असे. लिनन कार्ड पाहून "तेव्हा किती स्वच्छ होतं सगळं" असं म्हणू नका.

४. स्कॅन: एकदाच, पण नीट

आधी ब्लोअरनं धूळ उडवा. पाणी, थुंकी, चष्म्याचं कापड, काहीही लावू नका. बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले (मुंबई-कोकणातल्या घरांत हटकून दिसतात) तर त्या स्लाइड आधी वेगळ्या डब्यात काढा. डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर फिल्मचा पाया कुजायला लागला आहे. त्यांचं स्कॅनिंग सर्वांत आधी.

स्कॅनरवर ४००० डीपीआय लावा. एका स्लाइडचं साधारण ५,७०० बाय ३,८०० पिक्सेलचं चित्र मिळतं. मोबाइलवर पाठवायला एवढ्याची गरज नसते, पण आपल्याला गाडीची नंबरप्लेट वाचायची आहे. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपेग.

धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय कोडाक्रोमला आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मला लावू नका. तिथे ती फसते आणि कडा, बारीक अक्षरं खाऊन टाकते.

आणि हौसेनं जुना प्रोजेक्टर लावू नका. अंधारात साठ-साठ वर्षं टिकणारी कोडाक्रोम प्रोजेक्टरच्या प्रखर उजेडात भराभर विटते. आमच्या घरच्या सर्वांत लाडक्या स्लाइड आज सर्वांत फिक्या आहेत, त्या याचमुळे.

५. चित्रातून साल काढा

स्कॅन मोठं करून डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पट्ट्या पाडल्यासारखं वाचा. "याआधीचा नाही" आणि "यानंतरचा नाही" असे दोन रकाने करा. एका खुणेवर साल कधीच ठरवायचं नाही.

*गाड्या.* सर्वांत नवी गाडी शोधा. जुन्या गाड्या रस्त्यावर पंधरा-पंधरा वर्षं फिरतात, पण पुढच्या वर्षीची गाडी आज उभी असू शकत नाही. (मॉडेल मात्र आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच दुकानात येत असे, तेवढी सूट ठेवा.) मागचे "पंख" १९४८ च्या कॅडिलॅकवर पहिल्यांदा आले आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर सर्वांत उंच झाले. समोर दोनाऐवजी चार दिवे साधारण १९५८ पासून सगळीकडे दिसतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरिकांसाठी गाड्या बनवणं युद्धामुळे थांबलं ते १९४५ पर्यंत. एखाद्या रस्त्यावर झाडून सगळ्या गाड्या १९४२ च्या आतल्या असतील आणि दुकानाच्या काचेत युद्धरोख्यांचं पोस्टर असेल, तर काळ उघड आहे.

*नंबरप्लेट.* सोनं! बऱ्याच राज्यांत दरवर्षी नवी प्लेट मिळे आणि तिच्यावर वर्षाचे शेवटचे दोन आकडे असत. इलिनॉयच्या प्लेटवर १९५४ पासून "लिंकनची भूमी" हे ब्रीद आहे, मिनेसोटाच्या प्लेटवर १९५० पासून "१०,००० सरोवरं". १-१७ मधल्या एका ब्यूक गाडीची प्लेट मी चारशे टक्के मोठी केली. कोपऱ्यात ६० दिसलं. हिरवी झाडं, नोव्हेंबरचा शिक्का आणि हे ६० मिळून १९६० चा उन्हाळा पक्का झाला.

*झेंडा.* ४ जुलै १९५९ पर्यंत ४८ तारे, आठ-आठच्या सहा सरळ ओळींत. नंतर एकच वर्ष ४९. आणि ४ जुलै १९६० पासून ५०, एकाआड एक सरकवलेल्या ओळींत. तारे मोजता आले नाहीत तरी ओळी सरळ आहेत की तिरक्या, हे बऱ्याचदा कळतं. आमच्या स्लाइडमधला झेंडा नेमका वाऱ्यानं गुंडाळलेला होता.

*थांबा-पाटी.* स्टॉपची अष्टकोनी पाटी १९५४ पर्यंत पिवळी, काळ्या अक्षरांची. त्या वर्षी लाल ठरली, पण छोट्या गावांतल्या पिवळ्या पाट्या पुढेही कित्येक वर्षं तशाच राहिल्या. म्हणजे लाल दिसली तर ती पक्की खूण, पिवळी दिसली तर नुसता संशय.

*पत्ता आणि फोन.* पाटीवर पाच आकडी झिप कोड असेल तर फोटो जुलै १९६३ नंतरचा. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी क्रमांक ("शिकागो ११") असेल तर १९४३ नंतरची पोस्टल झोनची पद्धत. फोन नंबरची सुरुवात अक्षरांनी होत असेल तर साठीच्या दशकाच्या मध्याआधीचा असण्याची शक्यता जास्त.

*किरकोळ, पण कामाचं.* पार्किंग मीटर पहिल्यांदा बसला ओक्लाहोमा सिटीत, जुलै १९३५ मध्ये. छपरांवर टीव्हीच्या अँटेना दाट दिसल्या की पन्नाशी आली. ग्रेहाउंडची मागून उंच, दोन पातळ्यांची बस म्हणजे १९५४ नंतर. सिनेमागृहाच्या कपाळावरच्या चित्रपटाच्या नावानं फक्त खालची मर्यादा मिळते, कारण मोठ्या शहरात लागलेला चित्रपट छोट्या गावात पोहोचायला काही महिने सहज जात.

जाता जाता एक गोष्ट. या रंगीत फोटोंतल्या अमेरिकेत सतत ऊन असतं, लक्षात आलं का? त्याचं कारण फिल्ममध्ये आहे. तेव्हाच्या कोडाक्रोमचा वेग (उजेड टिपण्याची क्षमता) अवघा १० एएसए. १९६१ मध्ये कोडाक्रोम-२ आली, तिचाही २५. ढगाळ दिवशी, घरात, संध्याकाळी कॅमेरा बाहेर काढण्यात अर्थच नव्हता. काकांनी तीन हिवाळे तिथे काढले, आणि बर्फाच्या स्लाइड चारच आहेत.

६. गाव शोधा

साल काढण्यापेक्षा हे अवघड, पण रंगत इथेच आहे.

पाण्याच्या टाकीवर आणि धान्याच्या उंच कोठारावर गावाचं नाव रंगवायची पद्धत होती. बँकेच्या आणि पोस्टाच्या दर्शनी भागावर नाव कोरलेलं सापडतं. हमरस्त्याच्या ढालीच्या आकाराच्या पाटीवर साठीच्या सुरुवातीपर्यंत वर राज्याचं नावही लिहिलेलं असे. राज्य-रस्त्यांच्या पाट्यांचा आकारच बोलतो: सूर्यफूल म्हणजे कॅन्सस, मधमाश्यांचं पोळं म्हणजे युटा, कमानीतला मधला दगड म्हणजे पेनसिल्व्हेनिया. चौकाच्या मधोमध घुमटाची दगडी इमारत असेल तर ते काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) कोर्ट असणार, म्हणजे शोध त्या राज्यातल्या काउंटीच्या मुख्य गावांपुरता उरला.

एवढं झालं की संशयित गावांची यादी करा आणि गूगल स्ट्रीट व्ह्यूवर मुख्य रस्त्यावरून फिरा. दुकानांच्या पाट्या बघू नका, त्या बदलतात. वरचा मजला बघा: खिडक्या किती, कमानी गोल की सपाट, छपराखालची विटांची नक्षी कशी.

इमारतच नसेल तर? मोकळी जागा आणि पार्किंग दिसलं म्हणून गाव चुकलं असं समजू नका. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर "अर्बन रिन्यूअल"च्या (शहरांच्या पुनर्बांधणीच्या) नावाखाली वस्त्याच्या वस्त्या पाडल्या गेल्या. बोस्टनचा वेस्ट एंड आणि लॉस एंजेलिसचा बंकर हिल ही मोठी उदाहरणं. छोट्या गावांतही हे झालं. अशा वेळी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे काढा. एकेक घर, त्याचे मजले, ते विटांचं की लाकडाचं, सगळं त्यात आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या) संकेतस्थळावर त्यातले पुष्कळ मोफत पाहता येतात.

आता माझी चूक. १-१७ मध्ये रस्त्याच्या पाटीवर इलिनॉय आणि ३४ हे वाचता आलं. यू. एस. ३४ वर त्या भागात गेल्सबर्ग, गॅल्वा, केवानी, प्रिन्स्टन, मेंडोटा अशी गावं येतात. कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या दारावर नावाची शेवटची चार अक्षरं दिसत होती: ए, एन, ई, ई. म्हणजे केवानी! मी आनंदानं वहीत लिहून टाकलं आणि तीन महिने वरच्या खिडक्या जुळवत बसले. जुळेनात. इमारती पडल्या असतील अशी स्वतःची समजूत घातली. ट्रक गावोगाव माल पोहोचवायला जातो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. चालत्या वस्तूवरच्या नावावर गाव ठरवू नका. इमारतीवर कोरलेलं नाव चालेल, ट्रकवरचं नाही.

७. ताडून पाहायला चांगले संग्रह

डोळा तयार व्हायचा असेल तर तारीख-ठिकाण पक्कं असलेले फोटो भरपूर पाहावे लागतात. समाजमाध्यमांवरच्या "१९५० ची अमेरिका" छाप पानांवर शिकू नका. तिथे काळ्या-पांढऱ्या फोटोंना मागाहून रंग दिलेला असतो आणि हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली गावंही सर्रास असतात. (पाट्यांवरची अक्षरं आणि नंबरप्लेट वाचा. बनावट चित्र तिथेच उघडं पडतं.)

पहिला संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसचा एफएसए-ओडब्ल्यूआय (फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन आणि ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन या दोन सरकारी खात्यांचा). १९३५ पासून रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली डोरोथिया लँग, वॉकर एव्हान्स, रसेल ली, मेरियन पोस्ट वोलकॉट, जॅक डेलानो, जॉन व्हेशन, गॉर्डन पार्क्स यांनी सरकारी नोकरीत देशभर फिरून फोटो काढले. सुमारे १,७५,००० काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह आणि जवळपास १,६०० रंगीत पारदर्शिका. रसेल लींनी १९४० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउन या इवल्याशा वस्तीत काढलेले रंगीत फोटो पाहाच. काही काळ्या-पांढऱ्या फोटोंत मधोमध काळा गोल ठिपका दिसेल. तो स्कॅनचा दोष नाही. नापसंत निगेटिव्हला स्ट्रायकर पंचनं भोक पाडायला लावत. नकाशावरून काउंटीनुसार शोधायचं असेल तर "फोटोग्रामर" हे संकेतस्थळ वापरा.

दुसरा न्यूयॉर्कच्या म्युनिसिपल आर्काइव्ह्जचा. १९३९ ते १९४१ या काळात करआकारणीसाठी पाचही बरोंमधल्या (शहराच्या विभागांमधल्या) प्रत्येक इमारतीचा फोटो काढला गेला, ७ लाखांहून अधिक. फोटोत इमारतीपुढे ब्लॉक आणि लॉटचा आकडा लिहिलेली पाटी धरलेली दिसते. कोणी नातेवाईक न्यूयॉर्कला कुठल्या पत्त्यावर राहत होते हे माहीत असेल, तर ते घर तेव्हा कसं होतं ते आजच पाहता येईल.

तिसरा माझा सर्वांत आवडता. चार्ल्स कुशमन नावाच्या हौशी छायाचित्रकारानं १९३८ ते १९६९ मध्ये काढलेल्या सुमारे १४,५०० कोडाक्रोम इंडियाना विद्यापीठानं ऑनलाइन ठेवल्या आहेत. हा माणूस प्रत्येक फोटोची तारीख आणि जागा वहीत लिहून ठेवायचा. रंगीत स्लाइडवरून काळ ओळखायचा सराव करायला याहून चांगली शाळा नाही.

एक सापळा: जॉन मार्गोलिस यांच्या ११ हजारांहून अधिक रंगीत स्लाइडही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. जुने पेट्रोल पंप, मोटेल, निऑनच्या पाट्या. इमारती शतकाच्या मध्यातल्या, पण फोटो १९६९ नंतरचे. त्यांना "पन्नाशीतले" म्हणून पुढे ढकलणारे खूप दिसतात.

८. शोधताना त्या काळचे शब्द वापरा, आणि चित्रात कोण नाही तेही बघा

जुन्या संग्रहांतल्या फोटोओळी मूळ शब्दांतच ठेवलेल्या असतात. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांचे, दुकानांचे फोटो शोधायचे तर आज आपण वापरणार नाही असे शब्द, निग्रो किंवा कलर्ड, शोधपेटीत टाकावे लागतात. आजचेच शब्द टाकलेत तर निम्मा संग्रह तुमच्यापासून लपून राहील.

मेरियन पोस्ट वोलकॉट यांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये मिसिसिपीतल्या बेल्झोनी गावात काढलेला फोटो उघडा. शनिवारची दुपार. सिनेमागृहाच्या बाहेरच्या भिंतीला लागून एक जिना, आणि टोपी घातलेला एक माणूस एकटाच तो चढतो आहे. कृष्णवर्णीयांसाठीचं ते वेगळं प्रवेशद्वार, वरच्या सज्जात नेणारं. पुढच्या बाजूनं याच सिनेमागृहाचा कोणी फोटो काढला असता तर आपल्याला दिव्यांची एक छानशी पाटी तेवढी दिसली असती.

म्हणून मुख्य रस्त्याची स्लाइड पाहताना वहीत एक रकाना वाढवा: इथे कोण दिसत नाही? कुठली दारं दोन आहेत? काकांच्या डायरीप्रमाणे १९६१ च्या जूनमध्ये ते ग्रेहाउंडनं मेम्फिसवरून खाली न्यू ऑर्लीन्सला गेले. आंतरराज्य बसस्थानकांतली वंशानुसार वेगळी प्रतीक्षालयं बेकायदा ठरवणारा नियम लागू झाला तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. त्या संपूर्ण प्रवासातली एकही स्लाइड डब्यात नाही. कॅमेरा सोबत होता, कारण शिकागोला परतल्यावरचा फोटो त्याच रोलवर आहे. काका याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि आम्ही कधी विचारलं नाही. मी वहीत त्या नऊ दिवसांसाठी एक कोरी ओळ ठेवली आहे.

९. हक्कांचं थोडक्यात

स्लाइड हातात असणं आणि कॉपीराइट असणं वेगळं. बाजारातून निगेटिव्ह विकत घेतल्या म्हणून छापण्याचा हक्क येत नाही. शिकागोच्या छायाचित्रकार विवियन मायर यांच्या फोटोंबाबत हाच वाद कोर्टापर्यंत गेला. अमेरिकन कायद्यानं अप्रकाशित फोटोवर काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, म्हणजे घरच्या स्लाइडचा हक्क वारसांचा. एफएसएसारखे सरकारी नोकरांनी कामाचा भाग म्हणून काढलेले फोटो कोणालाही वापरता येतात. १९६४ पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या चित्राचा हक्क २८ व्या वर्षी नव्यानं नोंदवला नसेल तर तो संपलेला असतो. प्रत्येक संग्रहाच्या पानावर हक्कांची ओळ असते, ती वाचल्याशिवाय पुस्तकात किंवा दिवाळी अंकात काही छापू नका.

१०. गावाच्या वाचनालयाला लिहा

ही पायरी मी सर्वांत शेवटी केली, ती बरीच आधी करायला हवी होती. अमेरिकेतल्या लहानशा गावातही सार्वजनिक वाचनालय असतं आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक इतिहासाचं एखादं कपाट, जुन्या डिरेक्टऱ्या, शाळेची वार्षिकं असतात. मेल छोटा लिहा. एक किंवा दोनच फोटो जोडा. तुम्ही काय वाचलंत, साल कशावरून काढलंत आणि नेमका प्रश्न काय, हे पाच-सहा ओळींत सांगा. "तुमच्याकडे जुने फोटो आहेत का" असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येतं. स्कॅन त्यांच्या संग्रहात ठेवायला चालेल का, तेही कळवून टाका.

मी आधी केवानीला लिहिलं. तीन दिवसांत उत्तर आलं: हा आमचा रस्ता नाही, पण त्या रोलवर याच्या आधीची आणि नंतरची स्लाइड कोणती आहे?

१-१८ मी तोवर बाजूलाच ठेवली होती. उंच खांबांच्या एका इमारतीवर लाकडी मनोरा, त्यात घड्याळ, आणि घड्याळाला एकच काटा. दुसरा काटा फोटोत नीट उमटला नसेल असं मी धरून चालले होते. ती स्लाइड पाठवली. उत्तर त्याच रात्री आलं. ते घड्याळ बिशप हिलचं, १८५४ च्या स्टीपल बिल्डिंगवरचं, आणि त्याला मिनिटकाटा नाहीच. स्वीडिश लोकांनी वसवलेलं ते गाव गॅल्वाच्या अगदी जवळ. वाचनालयातल्या बाईंनी पुढे लिहिलं होतं, "१-१७ च्या खिडक्या गॅल्वाशी जुळवून पाहा."

तिसऱ्याच इमारतीला जुळल्या. पाच खिडक्या, मधली थोडी रुंद, वर विटांची दातेरी नक्षी. काकूला फोन करून गावाचं नाव सांगितलं, तर पलीकडून म्हणाली, "गॅल्वा? अगं, त्या मित्राचं शेत तिथेच होतं की. मका बघायला नेलं होतं त्यांना."